पोटरीवरचे पन्नास ठिपके

सकाळचे पावणेसात वाजलेत. चौथ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर दादा बसून आहे. डावा पाय मांडी घातल्यासारखा वर, उजवा खाटेवरून खाली सोडलेला. गेले आठ महिने तो असाच रात्र काढतो. पाय वर घेतला की बोटांत निखारा धरल्यासारखी आग होते. खाली सोडला की रक्त स्वतःच्या वजनानं थोडंफार पावलात उतरतं आणि कळ जरा सोसवते. मग मान खांद्यावर टाकून तो पाच-दहा मिनिटं डुलकी घेतो, पुन्हा जागा होतो.

वहिनी खाली चटईवर आहे. तिच्या हातात दादाचा पाय नाही, पण हात पायाच्या खालीच आहे, झोपेत कशाला लागू नये म्हणून.

मी पाय बघते. खाली सोडलेला असताना तो जांभळट लाल दिसतो. ज्याला माहीत नाही त्याला वाटेल, रक्त भरपूर आहे की! मी तो दोन्ही हातांनी हळूच उचलते, खाटेच्या उंचीच्या वर नेते, आणि मिनिटभरात तळवा मेणासारखा पांढरा होतो. दादा दात आवळतो. मी पाय पुन्हा खाली सोडते. अंगठ्याचं टोक काळं आहे, सुकलेल्या खारकेसारखं. शेजारच्या बोटाच्या मुळाशी जखम आहे, कडा पिवळट, तळ फिकट. चांगल्या जखमेचा तळ डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असतो. हिचा तसा नाही.

मी याच रुग्णालयात नऊ वर्षं सिस्टर आहे, डायलिसिसला. आज रजा टाकलीय, तरी युनिफॉर्म घालून आलेय. सर्जन सरांनी मला ऑपरेशन थिएटरात, ओटीत, उभं राहायची परवानगी दिलीय, एका अटीवर: भिंतीला टेकून उभं राहायचं आणि बहीण म्हणून काही बोलायचं नाही.

साडेसातला रेसिडेंट डॉक्टर येते. वयानं लहान, डोळ्यांत रात्रपाळीची झोप. खिशातून पेनाएवढा डॉपलर काढते, त्याच्या टोकाला जेल लावते आणि आधी डाव्या पावलावर टेकवते. स्पीकरमधून आवाज येतो, सपक् फुस्स, सपक् फुस्स, धोब्याच्या दगडावर ओलं कापड आपटावं तसा. ही जिवंत धमनी. मग ती उजव्या पावलाच्या वरच्या बाजूला टोक फिरवते. नुसती खरखर. घोट्याच्या मागे येते, थांबते, टोक केसभर तिरकं करते. फार लांबून, जणू दाराच्या फटीतून वारा यावा तसा आवाज येतो. सुं… सुं… सुं…

"आहे," ती म्हणते. "इथं थोडं आहे."

दंडाला पट्टा बांधून दाब घेते, १३०. घोट्याच्या वर पट्टा बांधते, फुगवते, आवाज बंद पडतो, हवा सोडत जाते, आवाज परत येतो तेव्हा काटा ५२ वर आहे. ५२ भागिले १३०. कागदावर लिहायच्या आधीच माझ्या डोक्यात उत्तर तयार आहे, शून्य पूर्णांक चार. धडधाकट माणसाचा हा आकडा एकच्या आसपास असतो, कारण घोट्यातला दाब दंडाइतकाच किंवा थोडा जास्तच असतो. दादाच्या पावलाला निम्म्याहूनही कमी मिळतंय.

वय ४३.

म्हातारपणी, मधुमेहात, पायाच्या धमन्या बंद पडतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. दादाला मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल नाही. त्याचा आजार वेगळा आहे. त्याला बर्गर म्हणतात, खाण्याच्या बर्गरशी काही संबंध नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या लिओ बर्गर यांनी १९०८ साली कापून काढलेल्या अकरा पायांचा अभ्यास केला आणि तरुण माणसांची बोटं अकाली का सडतात ते मांडलं. त्याआधी १८७९ साली फेलिक्स फॉन विनिवार्टर यांनी अशा एका रुग्णाची नोंद केली होती. धमनीच्या भिंतीला आतून सूज येते, त्या जागी रक्ताची गाठ बसते आणि वाट बुजते. तीही मोठ्या धमन्यांत नव्हे, गुडघ्याखालच्या आणि हाताच्या बारीक धमन्यांत. कारण पूर्ण उलगडलेलं नाही. पण एक गोष्ट प्रत्येक पुस्तकात पहिल्या ओळीत असते: तंबाखू. तंबाखूशिवाय हा आजार जवळजवळ होतच नाही. आपल्याकडे त्यात बिडीचा वाटा मोठा.

आम्ही सिन्नरचे. आमची आई बिड्या वळते. हे मी लपवणार नाही, आणि त्याबद्दल आईला दोषही देणार नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली टेंभुर्णीची पानं, मांडीवर सूप, पत्र्याचा फर्मा पानावर ठेवून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायची, टोक नखानं दाबायचं, दोरा दोनदा फिरवायचा. हजार बिड्यांमागं मजुरी. तिच्या हजारांतून माझी नर्सिंगची फी भरली गेली. आणि त्याच सुपातून पंधराव्या वर्षी दादानं पहिली बिडी उचलली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांतली एक काढून दुसरी मला सांगता येत नाही.

दीड वर्षापूर्वी दादाच्या तळव्यात चालताना वांब यायचे. पोटरीत नव्हे, तळव्यात. मध्येच नडगीवर लाल, दुखरी दोरी उठायची, आठ-दहा दिवसांनी विरायची, दुसरीकडे उठायची. ज्या डॉक्टरांकडे तो गेला त्यांनी वात म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी सांध्यात इंजेक्शन दिलं. कुणी पावलावरची नाडी दाबून बघितली नाही. पण मी तरी कुठं बघितली? दिवाळीला तो घरी लंगडत होता आणि मी म्हटलं, चप्पल बदल. रोज वीस माणसांच्या हातातला फिस्टुला, डायलिसिससाठी जोडलेली नस, मी बोटांनी चाचपते. सख्ख्या भावाचा मोजा काढून दोन बोटं पावलावर ठेवायला मला सुचलं नाही.

सव्वाआठला सर्जन सर राउंडला येतात. टॅबवर दादाची अँजिओग्राफी उघडतात आणि दादाच्याच हातात देतात. त्यांची ही सवय मला आवडते.

"हे बघा भाऊ. गुडघ्यापर्यंत रस्ता चांगला आहे. इथून खाली तीन धमन्या जायला हव्यात. ही इथं संपली. ही इथं. ही घोट्याच्या वर."

दादा बोट लावतो. "आणि ह्या काय आहेत वाकड्यातिकड्या?"

बंद पडलेल्या धमनीच्या दोन्ही बाजूंनी बारीक, वळ्या-वळ्यांच्या रेघा निघाल्यात, काकडीच्या वेलाचे तणावे आधार शोधत फिरावेत तशा. बर्गरच्या अँजिओग्राफीत अशा वळ्या अनेकदा दिसतात.

"ही तुमच्या शरीराची खटपट आहे. मोठा रस्ता बंद झाला म्हणून शरीरानं पायवाटा काढल्यात. त्या पुरत नाहीत एवढंच. बायपास करायचा तर खाली जोडायला चांगली धमनी लागते, ती नाही. स्टेंट घालायला इतकी बारीक जागा चालत नाही. म्हणून आज आपण पोटरीत स्टेम सेल टोचून या पायवाटांना मदत करायला बघतोय."

"आणि नाहीच झाली मदत तर?"

सर टॅब खाली ठेवतात. "तर अंगठा जाईल. कदाचित त्याच्या वर जावं लागेल. आज मी शब्द देत नाही. बिडी?"

"चार महिने नाही, साहेब."

"तंबाखू? मशेरी?"

दादा वहिनीकडे बघतो. वहिनी मान हलवते. नाही.

"निकोटिनचा पॅच, च्युइंगम, तेही नाही. थोडी जरी राहिली तरी आजार जागा राहतो. आजच्या सगळ्या सुयांपेक्षा ती चार महिन्यांची गोष्ट मोठी आहे."

हे खरं आहे आणि सर ते तोंडदेखलं म्हणत नाहीत. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमधल्या १२० रुग्णांचा अभ्यास आहे. ज्यांनी धूम्रपान सोडलं त्यांतल्या १०० पैकी ९४ जणांचे पाय-बोटं वाचली. ज्यांनी सोडलं नाही त्यांतल्या १०० पैकी ४३ जणांना काही ना काही कापून घ्यावं लागलं. स्टेम सेलच्या कुठल्याच प्रयोगाला अजून असे आकडे आलेले नाहीत. मात्र बोट काळं पडल्यावर, जखम झाल्यावर, नुसतं सोडणं प्रत्येकाला पुरतंच असं नाही. दादा त्या दुसऱ्या काठावर उभा आहे.

दहा वाजता पेशी येतात.

मला वाटलं होतं एखादी छोटी थर्माकोलची पेटी असेल. येतो तो दुधाच्या कॅनसारखा धातूचा जाड डबा, चाकांच्या गाडीवर, बंगळूरहून विमानानं आलेला. आत द्रव नायट्रोजन मुरवलेला आहे. त्याचं उकळणंच मुळी उणे १९६ अंशांवर होतं. झाकणाजवळ छोटं यंत्र आहे, प्रवासात आतलं तापमान कुठं चढलं का याची नोंद ठेवणारं. तंत्रज्ञ आधी ती नोंद बघतो, मग कागद, मग पिशवीवरचा क्रमांक, मग दादाच्या मनगटावरची पट्टी. दोनदा. झाकण उघडताच पांढरी वाफ काठावरून खाली ओघळते आणि फरशीवर पसरते. धूर वर जातो, ही खाली येते.

जाड हातमोज्यांनी तो धातूचं पाकीट काढतो, त्यातून पिशवी. तळहाताएवढी. आतला द्रव गोठून पांढरट झालाय. ३७ अंशांच्या पाण्यात तो ती धरतो आणि हळूहळू हेलकावत राहतो, पाळणा हलवावा तसा. दोनेक मिनिटांत कडा विरघळतात, मधला बर्फाचा तुकडा लहान होत होत बोराएवढा राहतो, तेव्हा तो पिशवी बाहेर घेतो. आता वेळ घालवायचा नाही. पेशी गोठताना बर्फाच्या सुयांनी फुटू नयेत म्हणून त्यात डीएमएसओ नावाचं रसायन असतं. गोठलेलं असताना तेच त्यांना वाचवतं, वितळल्यावर मात्र ते त्यांना बाधायला लागतं.

या पेशी दादाच्या नाहीत. निरोगी, तरुण माणसांनी आपल्या कमरेच्या हाडातली मज्जा दिली. तीतल्या ठरावीक जातीच्या पेशी वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवल्या आणि एकाहून अधिक दात्यांच्या पेशी एकत्र केल्या. रक्तगट जुळवावा लागत नाही. बंगळूरच्या स्टेमप्युटिक्सनं हे औषध केलं, नाव स्टेमप्युसेल. २०१६ साली भारताच्या औषध महानियंत्रकांनी बर्गरच्या रुग्णांसाठी त्याला मर्यादित परवानगी दिली. २०२० साली धमन्या कडक होऊन बंद पडलेल्या पायांसाठीही दिली. बर्गर हा श्रीमंत देशांत विरळ झालेला आजार. त्यावरचं औषध बिडी ओढणाऱ्या देशातच व्हायला हवं होतं, आणि ते इथंच झालं याचा मला फार अभिमान वाटतो.

मात्रा आहे किलोमागे २० लाख पेशी. दादाचं वजन ५४ किलो. १० कोटी ८० लाख. ट्रेमध्ये त्या ज्या सिरिंजांत भरल्यात, त्या ताकाच्या निवळीसारख्या जेमतेम गढूळ दिसतात.

ओटीत थंडी आहे. दादाला कमरेत स्पायनल दिलंय. पाय आता त्याचा नाही. पहिल्यांदाच, आठ महिन्यांनी, तो पाय आडवा ठेवून उताणा झोपलाय. भूलतज्ज्ञ मॅडम विचारतात, "भाऊ, काही दुखतंय?" दादा छताकडे बघत म्हणतो, "काहीच नाही हो." आणि त्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे जातं. मी भिंतीला टेकून उभी आहे. बहीण म्हणून काही बोलायचं नाही.

दोघं मिळून त्याला हळूच कुशीवर वळवतात. सर पोटरी स्पिरिटनं पुसतात आणि निळ्या मार्करनं ठिपके काढायला लागतात. दीड-दोन सेंटिमीटरवर एक. आडवी ओळ, उभी ओळ. सकाळी उंबऱ्याबाहेर रांगोळीसाठी ठिपके टाकावेत तसे, पण या हातात कसलीही घाई नाही, नक्षी नाही. वाळलेली पोटरी आहे. तिच्यावर पन्नास ठिपके मावायला ओळी गुडघ्याच्या खालपर्यंत न्याव्या लागतात.

काळं पडलंय ते बोट, जखम आहे ती पावलावर. मग सुया पोटरीत का? मी हे रेसिडेंटला काल विचारलं होतं. कारण पेशींना काम करायला जिवंत स्नायू लागतो. अंगठ्याच्या टोकाशी आता रक्तच नाही, तिथं त्या तासाभरात मरतील. पोटरीत पायवाटा आहेत, श्वास घेणारा स्नायू आहे. वरचा पाझर वाढला तर खालच्या विहिरीला पाणी लागेल, हा हिशोब.

पहिली सुई. दीड सेंटिमीटर आत, सावकाश दाब, सुई बाहेर, कापसाचा बोळा. स्क्रब सिस्टर मोठ्यानं मोजते, "एक." सर जोर लावत नाहीत. बारीक सुईतून पेशी जोरात ढकलल्या तर घासून फुटतात. "दोन." "तीन." सिरिंज भरलेली ठेवली तर पेशी खाली बसतात, म्हणून मधूनमधून ती हळूच उलटीसुलटी करायची. "सात." "आठ." कुणी बोलत नाही. मॉनिटरची टिकटिक आणि मोजणं. मोजण्याचा हा आवाज मी लहानपणापासून ओळखते. संध्याकाळी आई बिड्या मोजायची, पंचवीस झाल्या की बंडल, ओठ न हलवता, आणि मध्ये कुणी बोललं तर तिला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं. आम्ही दोघं श्वास धरून बसायचो.

"पंचवीस," सिस्टर म्हणते.

मला वाटायचं, पुष्कळांना वाटतं, की या पेशी आत जातात आणि स्वतःच रक्तवाहिन्या होतात, विटेवर वीट ठेवावी तशा. १९९७ साली ताकायुकी असाहारा आणि जेफ्री इसनर यांच्या गटानं बोस्टनमधून दाखवलं, की मोठ्या माणसाच्या रक्तातही अशा पेशी फिरतात ज्या नव्या रक्तवाहिनीचं अस्तर होऊ शकतात. तोवर मानलं जायचं, की मोठेपणी नवी वाहिनी फक्त जुनीला फाटा फुटूनच येते. तेव्हापासून ही विटांची कल्पना रुजली. २००२ साली जपानी डॉक्टरांनी रुग्णांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी त्यांच्या पोटरीत टोचल्या. वेदना उतरल्या, चालणं वाढलं, आणि जगभर हे काम सुरू झालं. पण पुढं बारकाईनं बघितलं तेव्हा टोचलेल्या पेशींतल्या फार थोड्याच टिकलेल्या सापडल्या. बाकीच्या काही दिवसांतच नाहीशा होतात.

मग काम कोण करतं? जायच्या आधी त्या बोलतात. रासायनिक निरोप सोडतात, सूज शमवणारे, रक्तवाहिनीच्या अस्तराला वाढ म्हणणारे. ते अस्तर आणि ती वाढ दादाच्याच पेशींची. शरीराकडे मुळात हाक मारायची सोय असते. ऑक्सिजन कमी पडला की पेशीत एक प्रथिन साठतं आणि रक्तवाहिनी वाढवणारे संदेश सुटतात. ती यंत्रणा उलगडल्याबद्दल ग्रेग सेमेन्झा, विल्यम केलिन आणि पीटर रॅटक्लिफ यांना २०१९ साली नोबेल मिळालं. अँजिओग्राफीतले ते तणावे त्याच हाकेला आलेलं उत्तर. आजच्या सुया त्या हाकेत आणखी आवाज मिळवायला आहेत. या पेशींना मेसेंकायमल स्टेम सेल हे नाव देणाऱ्या आर्नोल्ड कॅप्लन यांनीच २०१७ साली लिहून मागणी केली, की हे नाव आता बदला, कारण त्या रुग्णाच्या शरीरात स्टेम सेलसारखं काही बनवत नाहीत, त्या औषधी संदेश देतात. स्वतः दिलेलं नाव स्वतः मागं घ्यायला मन मोठं लागतं.

"एकोणपन्नास. पन्नास."

उरलेलं द्रावण जखमेच्या कडेनं, चारी बाजूंनी. पोटरीवर निळ्या ठिपक्यांच्या मध्ये एकेक लाल ठिपका उमटलाय. सर हातमोजे काढतात आणि घड्याळ बघतात. चाळीस मिनिटंही झाली नाहीत.

दुपारी दोनला दादा खाटेवर आहे. स्पायनल अजून पूर्ण उतरलेलं नाही, त्यामुळं पाय आडवाच आहे आणि तो झोपलाय. घोरतोय. वहिनी त्याच्या तोंडाशी वाकते, मग माझ्याकडे बघते.

"यांना लसूण दिला होता का काही?"

मीही वाकते. खरंच, श्वासाला लसणाचा बारीक वास आहे. डीएमएसओचा. शरीर ते मोडून श्वासातून बाहेर टाकतं, वास दिवसभरात जाईल. मी वहिनीला समजावते. ती ऐकते आणि म्हणते, "म्हणजे औषध अंगात गेलं." तिला हवी होती ती खूण मिळाली. मी ती तिच्याकडून काढून घेत नाही.

पैसे कसे उभे केले तेही सांगते. वहिनीची पोत, दोन शेळ्या, माझं सोसायटीचं कर्ज आणि आईनं सुतळीत बांधून ठेवलेल्या नोटा. मध्यंतरी एका क्लिनिकवाल्यानं फोनवर सांगितलं होतं, की आमच्याकडे गुडघे, मणका, मधुमेह, पाय, सगळ्यावर एकच स्टेम सेल पॅकेज आहे, हमी आहे, उद्याच या. दादा जायला निघाला होता. मी अडवलं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आम्हा रुग्णालयातल्या लोकांना ठाऊक आहेत: रक्ताच्या आजारांतलं मज्जारोपण सोडलं तर स्टेम सेल नेहमीचा उपचार म्हणून विकायचा नाही, तपासून मंजूर झालेलं औषध असलं पाहिजे किंवा रीतसर नोंदलेला प्रयोग. जे वेदनेनं रात्रभर बसून असतात त्यांना हमी देणं हा मला गुन्हा वाटतो, कायद्यात तो बसो न बसो.

चार वाजता सर चहाला थांबतात. मी त्यांना तो प्रश्न विचारते जो सकाळी दादासमोर विचारला नव्हता. "सर, युट्रेख्टचं काय?"

त्यांना कळतं. नेदरलँड्समधल्या युट्रेख्टचा तो अभ्यास २०१५ साली आला. १६० रुग्ण. निम्म्यांना त्यांच्याच अस्थिमज्जेच्या पेशी पायाच्या धमनीतून तीनदा दिल्या. निम्म्यांना पेशींऐवजी साधं पातळ केलेलं रक्त, कुणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सहा महिन्यांनी पाय कापावे लागण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठरण्याजोगा फरक नव्हता. आणि वेदना? दोन्ही गटांत कमी झाली होती.

"ते मी विसरत नाही," सर म्हणतात. "तिथल्या रुग्णांचा आजार बहुतेक वेगळा, पेशी वेगळ्या, देण्याची वाट वेगळी. आपल्याकडे बर्गरच्या ९० रुग्णांत बघितलं, किलोमागे २० लाखांच्या गटात वेदना जास्त उतरली, जखमा जास्त भरल्या. पण त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते, खोटी सुईही नव्हती. म्हणून मी भावाला शब्द दिला नाही. तुम्हालाही देत नाही."

मी मान हलवते. मला यात एक गोष्ट दिसते, ती माझ्या कामातून दिसते. युट्रेख्टच्या दुसऱ्या गटातल्या लोकांना पेशी मिळाल्या नाहीत, पण वेळेवर ड्रेसिंग मिळालं असेल, कुणी तरी दर काही आठवड्यांनी पाय हातात घेऊन बघितला असेल, सिगारेट ओढली का म्हणून विचारलं असेल. एवढ्यानंही पाय सुधारतात. पेशी उपयोगी असोत किंवा नसोत, हे तर माझ्या हातात आहे. मी आजपासून रोज मोजा उतरवून बघणार.

पाच वाजता जखमेचं माप घेते. जखमेवर पारदर्शक फिल्म ठेवून काठानं पेनाची रेघ ओढायची. सगळ्यात लांब जागी ३.२ सेंटिमीटर, रुंद जागी २.१. कोपऱ्यात तारीख टाकते. पुढच्या महिन्यात दुसरी फिल्म हिच्यावर ठेवून बघायची, रेघ आत सरकली की नाही.

आईचा फोन येतो. तिला एवढंच हवंय: "पाय ऊन लागतोय का गं हाताला?"

"अजून नाही, आई. महिने लागतात."

"बरं." थोडा वेळ ती काही बोलत नाही. मागं शेजारच्या बायांचं बोलणं आणि कात्र्यांचा आवाज येतो. ती वळायला बसलीय. हप्ता भरायचाय. "त्याला म्हणावं, मी रोज त्याच्या पायाला हात जोडते."

स्पायनलचा असर केव्हाच उतरलाय; रात्री दहानंतर कळ पुरती परत येते. दादा उठून बसतो, पाय खाली सोडतो. वहिनीला वाटलं होतं आज तो झोपेल. तिचा चेहरा उतरतो. मी तिला सांगते, आज नाही, या आठवड्यात नाही. पेरलं त्याच दिवशी कुणी कणीस शोधत नाही. गोळी देते, खालचं स्टूल सरकवून त्यावर उशी ठेवते, म्हणजे पाय खालीच राहील पण टाचेवर दाब येणार नाही.

तीन वाजतात. वॉर्डात निळा दिवा आहे. दादा जागा आहे, मीही. वहिनीला अखेर झोप लागलीय.

"ते सकाळचं यंत्र आहे का गं?" तो विचारतो.

ड्यूटी सिस्टर डॉपलर देते. मी खाली बसते, घोट्याच्या मागं जेल लावते, टोक टेकवते. खरखर. केसभर तिरकं करते. हरवतं, पुन्हा सापडतं.

सुं… सुं… सुं…

काल सकाळी होता तेवढाच आहे. थोडाही जास्त नाही. मी त्याला तसंच सांगते.

"असू दे," दादा म्हणतो. पुढं वाकतो, कान स्पीकरजवळ आणतो. "लगेच बंद करू नको."